ओळंबा आणि उंच टाच

भिंत सरळ उभी राहते आहे की नाही, हे पाहण्यासाठी गवंडी ओळंबा सोडतो. दोरी आणि भिंत यांच्यातले अंतर वरपासून खालपर्यंत सारखे राहिले नाही, की भिंत कलली हे त्याला कळते. मनुष्य ताठ उभा असताना त्याच्या देहातूनही असाच एक ओळंबा खाली सोडला, तर तो पावलाच्या कोणत्या भागावर येऊन टेकेल? प्रश्न साधा आहे, पण पिढ्यान् पिढ्या जोडे शिवणाऱ्या कारागिरांपैकी फार थोड्यांना तो पडला असेल. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत नशीब काढायला गेलेल्या एका इटालियन तरुणाला तो पडला, आणि पुढची चाळीस वर्षे त्याने त्याचा पिच्छा सोडला नाही. त्या तरुणाचे नाव साल्वातोरे फेरागामो.

आज हे नाव विमानतळावरच्या झगमगीत दुकानांच्या पाटीवर दिसते आणि सामान्य ग्राहक किमतीची चिठ्ठी पाहून पुढे सरकतो. त्या पाटीमागचा माणूस मात्र गरीब शेतकऱ्याच्या घरातला होता. उंच टाचेचे जोडे घालणाऱ्या स्त्रीच्या पायांना वेदना का व्हाव्यात, हा त्याचा आयुष्यभराचा प्रश्न होता. त्याचे उत्तर त्याला संपूर्ण सापडले असे म्हणता येणार नाही. परंतु जितके सापडले तितके त्याच्याआधी क्वचितच कोणाला सापडले असेल.

फेरागामोचा जन्म ५ जून १८९८ रोजी दक्षिण इटलीतल्या बोनितो या खेड्यात झाला. नेपल्सच्या पूर्वेला, डोंगराळ मुलखात वसलेले हे गाव. चौदा भावंडांत साल्वातोरेचा क्रमांक अकरावा. जमीन थोडी, खाणारी तोंडे फार, आणि मोठी मुले एकामागून एक अमेरिकेची वाट धरणारी. गावात एक जोडे शिवणारा होता. शाळा सुटली की हा मुलगा त्याच्या दुकानासमोर जाऊन बसे आणि रापी, आरी, मेण लावलेले सूत यांचा खेळ तासन् तास पाहत राही. घरच्यांना हे मुळीच पसंत नव्हते. जोडे शिवणे हा त्या खेड्यात सर्वांत खालचा व्यवसाय समजला जाई. आपल्याकडे चामड्याच्या कामाला जातीची जी बेडी होती तशी तेथे नव्हती, हे खरे. पण हलकेपणाचा शिक्का होताच. शेतकरी गरीब असला तरी मुलाला त्या दुकानात बसवण्यास तो तयार नसे. आईवडिलांनी साल्वातोरेला इतर कारागिरांकडे उमेदवारीला धाडून पाहिले. त्याचे चित्त कोठेच रमले नाही.

मग ती प्रसिद्ध रात्र आली. बहिणीचा चर्चमधला पहिला कम्युनियनचा विधी तोंडावर आला होता आणि त्यासाठी लागणारे पांढरे जोडे घेण्यास घरात पैसा नव्हता. जोड्यांवाचून मुलीला चर्चमध्ये नेणे म्हणजे गावासमोर मान खाली घालणे. नऊ वर्षांच्या साल्वातोरेने जोडे शिवणाऱ्याकडून पांढरे कापड, पुठ्ठा, खिळे आणि हत्यारे मागून आणली आणि घरचे सारे झोपल्यावर रात्रभर बसून जोडे तयार केले. सकाळी ते जोडे पाहून आईवडिलांचा विरोध मावळला. आत्मचरित्रातली ही हकीकत थोडी रंगवलेली असेल, अशी शंका वाचताना येते. पण एवढे निश्चित, की त्यानंतर त्याला कोणी अडवले नाही. अकराव्या वर्षी तो नेपल्सला एका कारागिराकडे शिकायला गेला आणि थोड्याच काळात बोनितोला परतून त्याने घरातल्याच छोट्या जागेत दुकान मांडले. मिसरूड फुटण्याआधीच त्याच्या हाताखाली मदतनीस काम करीत होते.

१९१५ च्या सुमारास, सोळाव्या वर्षी, तो बोटीने अमेरिकेला निघाला. बोस्टनला त्याचा भाऊ जोड्यांच्या एका मोठ्या कारखान्यात काम करीत असे. भावाने मोठ्या अभिमानाने तो कारखाना दाखवला. हजारो जोडे यंत्रांतून भराभर बाहेर पडत होते. साल्वातोरेला ते पाहून आनंदाऐवजी खेद झाला. जोडे जड होते, बोजड होते, आणि मुख्य म्हणजे कोणाच्याच पायासाठी बनवलेले नव्हते. कारखान्यातली नोकरी त्याने नाकारली. पुढे भावांसह तो कॅलिफोर्नियातल्या सँटा बार्बरा येथे गेला आणि तेथे दुरुस्तीचे व मापाने जोडे शिवण्याचे दुकान सुरू केले.

सँटा बार्बरा येथे तेव्हा मूकपट काढणारी एक कंपनी होती. गुराख्यांच्या चित्रपटांसाठी बूट लागत, नटनट्यांना पादत्राणे लागत. फेरागामोने ते काम धरले. चित्रपटधंदा हॉलिवूडकडे सरकला तसा तोही सरकला आणि १९२३ मध्ये हॉलिवूड बुलेव्हार्डवर त्याचे दुकान उभे राहिले. सेसिल बी. डिमिल यांच्या त्याच वर्षीच्या ‘द टेन कमांडमेंट्स’ या चित्रपटासाठी त्याने सँडल्स बनवल्या. मेरी पिकफर्ड, ग्लोरिया स्वॉन्सन, रुडॉल्फ व्हॅलेंटिनो अशी त्या काळातली बडी मंडळी त्याच्याकडे येऊ लागली.

येथे एखादा दुसरा कारागीर सुखावला असता. फेरागामो मात्र अस्वस्थ होता. त्याने बनवलेले जोडे पाहणाऱ्याला सुंदर दिसत, पण ते घालणाऱ्या स्त्रिया थोड्या वेळाने कुरकुर करीत. कोणाला चवड्याखाली आग होई, कोणाच्या बोटांवर भोवऱ्या येत, कोणाची पोटरी भरून येई. कातडे उत्तम, शिलाई उत्तम, माप बरोबर; मग दुखते का? उत्तर शोधायला तो साऊदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात शरीररचनाशास्त्राच्या वर्गांना जाऊन बसला. शाळेत फारसे न शिकलेला, तोडकेमोडके इंग्रजी बोलणारा हा तरुण दिवसभर दुकान चालवून मानवी सांगाड्याचा अभ्यास करीत होता, ही गोष्ट त्या काळाच्या मानाने सामान्य नव्हे. याच वर्षांत एका मोटार अपघातात त्याचा एक भाऊ दगावला आणि त्याचा स्वतःचा पाय मोडला. रुग्णालयात पडल्या पडल्या त्याने मोडलेल्या पायाला ताण देणारे एक साधन स्वतःच योजून काढले. हाड, स्नायू आणि भार यांचा विचार आता त्याच्या अंगवळणी पडला होता.

त्याला जे उमगले ते असे. उभ्या देहाचा ओळंबा पावलाच्या मध्यभागी, तळव्याच्या कमानीवर येऊन पडतो. त्या काळचे बहुतेक जोडे मात्र टाच आणि चवडा या दोन टोकांनाच आधार देत. मधली कमान अधांतरी राही. सपाट जोड्यात हे खपून जाते. टाच उंच झाली की पाऊल उतरणीवर ठेवल्यासारखे पुढे घसरते, बोटे जोड्याच्या टोकाशी चिणली जातात, चवड्यावर सारा बोजा येतो आणि वाकलेल्या कमानीखाली काहीच नसते. फेरागामोने कमानीखाली तिच्या नेमक्या वळणाची पोलादी पट्टी बसवली. जोड्यांच्या धंद्यात तिला शँक म्हणतात. पट्टीमुळे कमानीला आधार मिळाला, पाऊल मागे टिकून राहिले आणि पुढे बोटांना हालचालीला जागा झाली. उलट्या टांगलेल्या लंबकाप्रमाणे पाऊल डोलू शकले पाहिजे, अशी त्याची कल्पना होती.

यात एक सूक्ष्म गोष्ट आहे, ती सांगितली पाहिजे. ओळंबा कमानीच्या जागी पडतो, हे आजचे शास्त्रही मान्य करते. पण कमान ही पुलाच्या कमानीसारखी असल्यामुळे तिच्यावरचा भार अखेर दोन्ही टोकांना जातो. अनवाणी उभे राहिल्यास निम्म्याहून अधिक वजन टाचच पेलते, आणि कमान स्वतः जमिनीला फारच थोडी टेकते. म्हणजे फेरागामोचे गणित अर्धे बरोबर होते. मात्र त्यातून निघालेला उपाय सरसकट उपयोगी ठरला. कारण टाच उंचावल्यावर चवड्याकडे धावणारा भार अडवायला मध्ये काहीतरी लागतेच, आणि त्याने ते दिले. त्याने आणखी एका गोष्टीवर भर दिला. माप घेताना पायाची एकूण लांबी पाहून भागत नाही. टाचेपासून चवड्यापर्यंतची लांबीही जोड्याशी जुळली पाहिजे. दोन स्त्रियांचा क्रमांक एकच असू शकतो, पण एकीची बोटे लांब आणि कमान आखूड, तर दुसरीचे नेमके उलट. एकाच क्रमांकाच्या जोड्यात एक सुखाने चालेल, दुसरी लंगडेल. जोडे विकत घेताना आपण हे आजही क्वचितच तपासतो.

अमेरिकेत मागणी उदंड होती, पण त्याला हवे तसे हाताने काम करणारे कारागीर तेथे मिळेनात. म्हणून १९२७ मध्ये तो इटलीला परतला आणि कलाकुसरीचे माहेरघर असलेल्या फ्लॉरेन्समध्ये त्याने कारखाना थाटला. रांगेत बसलेले कारागीर, प्रत्येकाच्या वाट्याला जोड्याचे एकेक अंग, पण काम सारे हातांनी. माल मुख्यतः अमेरिकेला जाई. १९२९ ची मंदी आली आणि अमेरिकन गिऱ्हाईक आटले. १९३३ मध्ये त्याचे दिवाळे निघाले. पस्तिशीत पुन्हा शून्यापासून सुरुवात. देशातल्याच ग्राहकांवर भर देत त्याने पाच वर्षांत अशी उभारी घेतली, की १९३८ मध्ये फ्लॉरेन्सच्या मध्यवस्तीतला, आर्नो नदीकाठचा तेराव्या शतकातला पालाझ्झो स्पिनी फेरोनी हा वाडा त्याच्या मालकीचा झाला. बोनितोच्या मातीच्या घरातून येथवर! १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने या वाड्याशेजारचा सांता त्रिनिता पूल उडवून दिला, वाडा राहिला.

दरम्यान एक संकट त्याच्या पथ्यावर पडले होते. १९३५ मध्ये मुसोलिनीने इथिओपियावर आक्रमण केले आणि राष्ट्रसंघाने इटलीवर आर्थिक निर्बंध लादले. फेरागामोला शँकसाठी लागणारे चांगले पोलाद मिळेनासे झाले. हलक्या पोलादाच्या पट्ट्या मोडू लागल्या आणि कमानीचा आधारच गेला. मग त्याने विचार केला, की पट्टी टिकत नसेल तर टाच आणि चवडा यांमधली पोकळीच भरून काढावी. सार्डिनिया बेटावरच्या झाडांचे बूच त्याने आणले, त्याचे थर चिकटवून तासले आणि टाचेपासून पुढे उतरत जाणारी एक सलग पाचर तयार केली. आज ज्याला आपण वेज हील म्हणतो, तिचा आधुनिक अवतार हा असा जन्मला. प्रथमदर्शनी लोकांना तो अवजड आणि कुरूप वाटला. पण घालून पाहणाऱ्यांना जाणवले, की उंची मिळते, पाय मुरगळण्याचे भय कमी होते आणि गादीवरून चालल्यासारखे वाटते. थोड्याच अवधीत जगभर त्याच्या नकला निघाल्या. १९३८ मध्ये गायिका-अभिनेत्री ज्यूडी गार्लंडसाठी त्याने इंद्रधनुष्यी रंगांच्या थरांची जी सँडल केली, ती अजून संग्रहालयांत मिरवते. युद्धकाळात कातडे दुर्मिळ झाले तेव्हा गवत, राफियाचे धागे, माशाची कातडी, इतकेच काय, मिठाईला गुंडाळण्याचा चकचकीत सेलोफेन कागदही त्याने जोड्यांना वापरला. टंचाईतून सौंदर्य काढण्यात या माणसाचा हात कोणी धरला नसता.

आपल्या वाचकांना अधिक जवळचा वाटेल असा एक धागा येथेच सापडतो. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांची कन्या इंदिराराजे. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांशी ठरलेले लग्न मोडून त्यांनी १९१३ मध्ये कूचबिहारच्या जितेंद्र नारायण यांच्याशी विवाह केला, ही कथा सर्वश्रुत आहे. जयपूरच्या गायत्रीदेवी या त्यांच्या कन्या. या मराठी राजकन्येच्या रसिकतेची कीर्ती युरोपभर पसरली होती. त्यांनी फेरागामोकडे एकदम शंभर जोड्यांची मागणी नोंदवली. त्यांतल्या एका हिरव्या मखमली जोडाच्या टाचेवर मोत्यांची नागमोडी वेल होती, तर दुसऱ्या काळ्या मखमली जोडाला हिऱ्यांचे बक्कल. मोती आणि हिरे महाराणींनी आपल्या खजिन्यातले धाडले होते. कारण ज्या जागी जे रत्न शोभेल ते आपणच निवडावे, असा त्यांचा बाणा. फेरागामोनेही हे गिऱ्हाईक जन्मभर लक्षात ठेवले. शंभर जोडे हे कोणाला उधळेपण वाटेल, आणि ते होतेच. पण मापाने शिवलेल्या जोड्यांमागे एक व्यवहारही असतो. एकदा आपल्या पायाचा लाकडी फर्मा, म्हणजे कलबूत, चोख तयार झाला, की त्यावर कितीही जोडे शिवता येतात, आणि प्रत्येक जोडा पहिल्या दिवसापासून पायाला ओळखतो. बाजारातला नवा जोडा चावतो, कारण तो एका काल्पनिक सरासरी पायासाठी बनवलेला असतो.

१९४० मध्ये फेरागामोने बोनितोच्याच डॉक्टरांच्या मुलीशी, वांदा मिलेत्ती हिच्याशी विवाह केला. ती तेव्हा अठरा वर्षांची, तो बेचाळीस. त्यांना सहा मुले झाली. युद्धानंतर त्याच्या कीर्तीला पुन्हा बहर आला. मासे पकडण्याच्या गळाला लागणाऱ्या पारदर्शक नायलॉनच्या दोरीपासून त्याने ‘अदृश्य सँडल’ तयार केली आणि १९४७ मध्ये तिला अमेरिकेतला नीमन मार्कस पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी हा मान ख्रिस्तियान दिओर यांनाही लाभला. ती सँडल बाजारात मात्र फारशी चालली नाही. पाऊल जसेच्या तसे उघडे दाखवण्याची बहुधा सर्वांची तयारी नसते.

पन्नासच्या दशकात पेन्सिलीसारख्या निमुळत्या टाचेची लाट आली. स्टिलेटोचा जनक कोण, यावर फ्रेंच आणि इटालियन मंडळी अजून वाद घालतात. त्यात न पडलेले बरे. लाकडाची एवढी बारीक टाच मोडते, म्हणून तिच्या आत धातूची कांब घालावी लागली, तेव्हाच ती शक्य झाली. मेरिलिन मन्रोसाठी फेरागामोने सुमारे ११ सेंटिमीटर उंच टाचेचे जोडे शिवले. १९५४ मध्ये ऑड्री हेपबर्नसाठी त्याने जवळजवळ सपाट, नर्तकीच्या जोड्यांसारखे जोडे केले. दोन्ही जोडे त्याच कारागिराचे, दोन्ही कमानीच्या मापाने कापलेले. तोवर फ्लॉरेन्सच्या कारखान्यात सातशेच्या आसपास कारागीर दिवसाला साडेतीनशे जोड हातांनी घडवीत होते. १९५७ मध्ये त्याचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्यात त्याने स्त्रियांचे पायाच्या मापावरून तीन स्वभावगट पाडले आहेत: लहान पावलांच्या सिंड्रेला, मध्यम पावलांच्या व्हीनस आणि मोठ्या पावलांच्या सरदारणी. हा भाग गमतीचा म्हणून वाचावा. त्यावरून स्वभाव पारखायला जाऊ नये.

आत्मचरित्रात त्याने ठामपणे मांडलेला दुसरा दावा मात्र गंभीरपणे घ्यावा लागतो. जोडा पायाला नीट बसत असेल आणि कमानीला आधार असेल, तर उंच टाचेने कोणतीही इजा होत नाही, असे त्याचे मत होते. येथे आजचे वैद्यक त्याच्याशी पूर्णपणे सहमत होणार नाही. कमानीच्या आधाराने चवड्याची आग कमी होते. पण पोटरी आणि गुडघा यांचे काय? १९९८ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या डॉ. केसी केरिगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. उंच टाचेचे जोडे घालून चालताना गुडघ्याच्या आतल्या बाजूवरचा ताण अनवाणी चालण्यापेक्षा सुमारे २३ टक्क्यांनी वाढतो, असे त्यात दिसले. गुडघ्याची झीज बहुधा त्याच बाजूने सुरू होते. पुढे २००१ मध्ये त्यांनीच दाखवले, की रुंद टाचेनेही हा ताण टळत नाही. म्हणजे जाड टाच घोटा सावरते, गुडघा नव्हे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका संशोधनात, वर्षानुवर्षे पाच सेंटिमीटर वा अधिक उंचीची टाच जवळपास रोज वापरणाऱ्या स्त्रियांच्या पोटऱ्यांची तपासणी केली गेली. त्यांच्या स्नायूंचे तंतू सुमारे १३ टक्क्यांनी आखूड झालेले होते आणि टाचेमागची कंडरा जाड व ताठ झालेली होती. शरीराने उंच टाचेशी जुळवून घेतले होते, पण त्याची किंमत वसूल करून. म्हणूनच अशा स्त्रिया एखाद्या दिवशी अचानक सपाट चप्पल घालतात तेव्हा त्यांना अधिक दुखते, आणि टाचच बरी, असा त्यांचा समज होतो.

फेरागामोचे धडे आणि हे नवे ज्ञान एकत्र ठेवले, तर उंच टाच वापरू इच्छिणाऱ्या स्त्रीसाठी वाट बरीच स्पष्ट होते. पावले दिवसभरात किंचित सुजतात, म्हणून जोडे संध्याकाळी घ्यावेत, उभे राहून माप द्यावे, आणि दोन्ही पावले सारखी नसल्यास मोठ्या पावलाला बसेल तो जोड निवडावा. जोडा हाती घेऊन त्याचे वळण आपल्या कमानीला लागते का, हे बोट फिरवून पाहावे. पायात घालून उभे राहिल्यावर मध्ये पोकळी जाणवली, तर तो कितीही देखणा असला तरी परत ठेवावा. सुरुवात दोन-तीन सेंटिमीटरच्या रुंद टाचेने करावी, घोट्याला पट्टा असलेला जोड घ्यावा आणि पहिले काही दिवस घरातच, अर्धा तास, फरशीवर आणि मग चटईवर चालावे. पावले छोटी टाकावीत. गुडघे वाकवून, पुढे झुकून चालण्याची सवय लागली, की कंबर दुखणारच. पोटऱ्या आखडू नयेत यासाठी जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे टेकवून, कठड्याला धरून, टाचा हळूच खाली सोडाव्यात, हा व्यायाम रोज पुरे. ज्यांना वर्षानुवर्षांची सवय मोडायची असेल, त्यांनी उंची एकदम न उतरवता टप्प्याटप्प्याने उतरवावी. मुंबईच्या लोकलमधून जाणाऱ्या कितीतरी जणी पर्समध्ये टाचेचे जोडे ठेवतात आणि प्रवास साध्या चपलेवर करतात. त्यांनी कोणते संशोधन वाचलेले नसते, पण त्यांचे गणित पक्के असते. मधुमेहामुळे ज्यांच्या पावलांची संवेदना मंदावली आहे, ज्यांचे गुडघे आधीच कुरकुरतात किंवा ज्या गर्भवती आहेत, त्यांनी मात्र या फंदात न पडणेच शहाणपणाचे. आणि वाढत्या वयाच्या मुलींना लग्नसमारंभासाठी हौसेने उंच टाचा घालायला देणाऱ्या आयांनीही थोडे सबुरीने घ्यावे.

फेरागामोवर टीका करणे आता सोपे आहे. पण त्याच्या काळात स्त्रीच्या पायाला दुखते ही तक्रारच कोणी ऐकून घेत नसे. सुंदर दिसायचे तर सोसायला हवे, अशीच रीत होती. ती तक्रार खरी मानून, तिचे कारण हाडामांसात शोधायला निघालेला हा माणूस तिला टाळून पुढे गेला नाही. त्याच्या नावावर साडेतीनशेहून अधिक स्वामित्वहक्क नोंदले गेले, आणि त्यांतला मोठा भाग कमान, तळ आणि टाच यांच्या रचनेविषयीचा आहे.

७ ऑगस्ट १९६० रोजी कर्करोगाने त्याचे निधन झाले. तो बासष्ट वर्षांचा होता. वांदा तेव्हा अवघ्या अडतीस वर्षांची होती आणि धंद्याचा तिला अनुभव नव्हता. सहा मुलांना घेऊन तिने कारभार हाती घेतला आणि कंपनी नुसती टिकवली नाही, तर वाढवली. थोरली मुलगी फियाम्मा बापाच्या हाताखाली शिकली होती. १९७८ मध्ये तिने पुढे फीत असलेला ‘वारा’ हा जोडा आखला. त्याची टाच अगदी बेताची, आणि कंपनीच्या सर्वाधिक गाजलेल्या जोड्यांत तोच मोडतो. वांदा २०१८ मध्ये, शहाण्णव वर्षांची होऊन वारली.

त्या जुन्या वाड्यात १९९५ पासून फेरागामो संग्रहालय आहे. दहा हजारांहून अधिक जोड्यांचा संग्रह तेथे जपला आहे. जोड्यांच्या बरोबरीने तेथे लाकडी कलबुतेही आहेत, ज्यांवर ते शिवले गेले. प्रत्येकावर त्या त्या ग्राहकाचे नाव लिहिलेले. मेरिलिन, ऑड्री, ग्रेटा गार्बो. सिनेनटींच्या, राण्यांच्या, सरदारणींच्या पावलांचे हे ठसे लाकडात कोरलेले आहेत. कोणाच्या कमानीला खोल बाक, कोणाचा चवडा रुंद, कोणाचा अंगठा किंचित आत वळलेला.